‘ठीक आहे’ म्हणायचं नाही!
पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, सायकलवरून

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात आम्ही पाच जणांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या अध्यक्षा, कार्यकारिणीचे सभासद, आजच्या कार्यक्रमासाठी सढळ हाताने मदत करणारे देणगीदार आणि जेवणाचा वास दरवळत असतानाही आमचं भाषण ऐकायला थांबलेले आपण सर्व जण, मनापासून आभार!

आम्हा पाच जणांची ओळख नव्याने करून द्यायला नको. गणपतीत खुर्च्या लावताना आणि दिवाळीत तिकिटं फाडताना तुम्ही आम्हाला पाहिलेलंच आहे. आमच्यात अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त झालेले काका आहेत, पन्नाशीतले दादा आणि वहिनी आहेत, आयटीतली ताई आहे आणि चाळिशीला टेकलेला आमचा धाकटा आहे. मे २०२४ मध्ये आम्ही पाच जण पिट्सबर्गहून वॉशिंग्टनला सायकलने आलो. अंतर सुमारे ३३५ मैल, म्हणजे ५४० किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून पणजीला रस्त्याने जितकं अंतर पडतं, त्याहून थोडंसंच कमी. आमच्यापैकी कुणीही त्याआधी सायकलवरून दुसऱ्या गावी मुक्कामाला गेलेलं नव्हतं.

तुम्ही आम्हाला मैलामागे पैसे कबूल केलेत. कुणी पंचवीस सेंट, कुणी एक डॉलर, तर एका काकूंनी चक्क दोन डॉलर! ते पैसे गावाकडच्या शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी आहेत. तेव्हा हे भाषण म्हणजे प्रवासवर्णन आहेच, पण हिशोबही आहे. आणि हिशोबात एक गोष्ट कबूल करायची आहे. ती योग्य वेळी करतो.

आमच्या पिढीला सायकलचं काय कौतुक सांगायचं? दादा पुण्यात वाढले, म्हणजे सायकलींच्याच शहरात. काका सांगलीचे. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, नळीतून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकायचं, गुडघे फोडून घ्यायचे आणि घरी सांगायचं नाही, हे सगळं आम्ही केलेलं. त्यामुळे ‘आपल्याला सायकल येते’ असा एक गैरसमज होता. सायकल येणं वेगळं आणि रोज चाळीस मैल, सामानासकट, दहा दिवस सायकल चालवणं वेगळं, हे कळायला आम्हाला पेनसिल्व्हेनियात जावं लागलं.

रस्ता मात्र आम्ही शहाणपणाने निवडला. या मार्गावर मोटारगाड्या जवळजवळ भेटतच नाहीत. पिट्सबर्गपासून कंबरलँडपर्यंतचे पहिले १५० मैल म्हणजे ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’. हा जुन्या रेल्वेलाइनच्या जागेवर केलेला मार्ग. याचा पहिला तुकडा ओहायोपाईल गावाजवळ १९८६ साली खुला झाला आणि पूर्ण मार्ग २०१३ साली. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून इथला चढ इतका हळू आहे की डोळ्यांना दिसत नाही. पायांना मात्र दिसतो! कंबरलँडपासून पुढचे १८४.५ मैल म्हणजे आपला ‘सी अँड ओ’ कालवा. हो, तोच! रविवारी पाहुण्यांना ग्रेट फॉल्स दाखवायला आपण नेतो, तिथे बाजूने जो मातीचा रस्ता जातो तोच. पूर्वी त्या रस्त्यावरून खेचरं चालायची आणि कालव्यातल्या बोटी दोराने ओढायची. इतकी वर्षं आपण त्याच्या शेवटच्या काही मैलांवर फोटो काढत होतो. तो मागे कुठून येतो, ते या वेळी पाहिलं.

तयारी म्हणाल तर ती आम्ही तीन महिने केली. व्हर्जिनियातल्या डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर दर शनिवारी जायचो. पण तो रस्ता डांबरी, आणि आमच्या सायकली रिकाम्या! मागे पिशव्या लटकवून, सामान भरून एकदाही चालवली नाही. ही पहिली चूक.

दुसरी चूक सामानाची. मराठी माणूस प्रवासाला निघाला की आधी डबे भरतो. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिक्की, चकल्या, पोहे... इथवर ठीक होतं. पण आम्ही दोन लिटरचा प्रेशर कुकरसुद्धा घेतला होता. तो कुणी घेतला यावर आजही आमच्यात एकमत नाही. एका मुलाने भाड्याच्या व्हॅनमधून आम्हाला चार-साडेचार तासांत पिट्सबर्गला सोडलं. सायकलींवर सामान चढवल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, “बाबा, तुम्ही परत येणार आहात ना?”

पहिल्या दिवशी वेस्ट न्यूटनपर्यंत ३६ मैल. शहराबाहेर पडायलाच वेळ लागला, पण नदीकाठचा रस्ता सपाट आणि उत्साह दांडगा. दुसऱ्या दिवशी ओहायोपाईल, ४२ मैल. कनेल्सव्हिलनंतर जंगल लागतं, खाली यॉकिओगेनी नदीचा आवाज आणि वर झाडांची कमान. तिथे आम्ही गाणी म्हटली. तिसऱ्या दिवशी मायर्सडेलपर्यंत ४० मैल, आणि त्या दिवशी गाणी बंद! दिवसभर तो न दिसणारा चढ. वाऱ्याची दिशाही विरुद्ध. बसायच्या जागेचं दुखणं असं की रात्री वहिनी म्हणाल्या, “आज उभ्यानेच जेवूया.”

चौथ्या दिवशी सकाळी मायर्सडेलच्या पोस्टात जाऊन आम्ही कुकर, दोन जाडजूड टॉवेल, एक उशी आणि तीन डबे घरी पार्सल केले. पोस्टातल्या बाईंनी वजन बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता शिक्का मारला.

तिथून आठ मैलांवर पूर्व खंडविभाजक आहे, उंची २३९२ फूट. या रेषेच्या एका बाजूला पडलेला पाऊस मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातात जातो आणि दुसऱ्या बाजूचा पोटोमॅकमार्गे चेसापीक उपसागरात, म्हणजे आपल्या अंगणात. तिथे सगळ्यांनी चिक्की वाटून खाल्ली. पुढे जवळजवळ ३३०० फुटांचा ‘बिग सॅव्हेज’ बोगदा. बोगद्यातून बाहेर पडल्यावर समोर मेरीलँडच्या डोंगररांगा उघडतात, मग मेसन-डिक्सन रेषा, आणि कंबरलँडपर्यंत वीसेक मैल नुसता उतार. पायडल न मारता! आम्ही लहान मुलांसारखे ओरडत उतरलो. चार दिवसांत १५० मैल झाले. आम्हाला वाटलं, जिंकलं!

आता कबुलीजबाबाकडे येतो.

वहिनी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. रोज संध्याकाळी त्या सगळ्यांना विचारायच्या, “काय दुखतंय का?” आणि आम्ही पाचही जण, वहिनी धरून, एकच उत्तर द्यायचो, “ठीक आहे.” काकांना त्या दोनदा विचारायच्या. काका हसून म्हणायचे, “अगं, मस्त चाललंय.”

पाचव्या दिवशी कंबरलँडहून निघालो आणि रस्ता एकदम बदलला. रेल्वेमार्गाची बारीक खडी संपली आणि कालव्याकाठची माती सुरू झाली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. डबकी, चिखल, वर आलेली झाडांची मुळं. २८ मैल चालवायला आम्हाला सहा तास लागले. दुपारी ‘पॉ पॉ’ बोगद्यापाशी पोचलो.

या बोगद्याची गोष्ट सांगायलाच हवी. लांबी ३११८ फूट. काम १८३६ साली सुरू झालं, दोन वर्षांत संपवायचा करार होता आणि संपलं १८५० साली! आत साठ लाखांहून जास्त विटा आहेत. तोपर्यंत शेजारची रेल्वे आधीच कंबरलँडला पोचली होती. कालवा १९२४ च्या पुरापर्यंत चालला आणि मग बंद पडला. बोगद्यात दिवे नाहीत, वाट अरुंद आणि खाचखळग्यांची, म्हणून सायकल हातात धरून चालायचं. एका बाजूला लाकडी कठडा, त्याच्या खाली काळं पाणी. समोर दुसऱ्या टोकाचा उजेड टिकलीएवढा दिसतो आणि कितीही चाललं तरी मोठा होत नाही.

अर्ध्या वाटेत लक्षात आलं की काका मागे राहिलेत. बॅटरी मागे वळवली तर ते सायकलवर भार टाकून, एक पाय ओढत येत होते. बाहेर आलो. काका एका ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, “आता नाही जमायचं.” पँट वर केली तर उजवा गुडघा नारळाएवढा.

वहिनी म्हणाल्या, “काका, हे आजचं नाही. कधीपासून?”

“मायर्सडेलच्या चढापासून.”

“मग मी रोज विचारतेय ते कशासाठी? सांगायचं नाही का?”

“अगं, माझ्यासाठी तुम्ही सगळे थांबला असतात. लोकांनी मैलावर पैसे लावलेत.”

तिसऱ्या दिवसापासून काका दोन-दोन गोळ्या घेऊन चालवत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मंडळी, त्या जागी फोनला रेंज नाही. गाडीरस्ता फक्त बोगद्याच्या मागच्या टोकाला. म्हणजे आलो तसं परत जायचं! तो बोगदा काकांनी त्या दिवशी दोनदा चालला, तेही दुखऱ्या पायाने. पार्किंगमध्ये एक आजोबा मासे पकडायची सामग्री पिकअपमध्ये ठेवत होते. आता खरं सांगायचं तर त्यांच्याकडे जाऊन विचारायला आम्ही पाच मिनिटं लावली. तू विचार, तू विचार! शेवटी ताई गेली. आजोबांनी काकांचा गुडघा पाहिला आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर एवढा वेळ कशाची वाट बघत होतात? काका आणि वहिनींना, सायकलींसकट, त्यांनी हॅन्कॉकला सोडलं. पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. चकल्यांचा डबा मात्र आनंदाने घेतला.

बाकीचे तिघे पुन्हा बोगद्यातून पुढे गेले, रात्री लिटल ऑर्लिन्सला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हॅन्कॉकला येऊन मिळाले. तोवर डॉक्टरांना दाखवून झालं होतं. हाडाला काही नाही, सूज आणि ताण. बर्फ आणि विश्रांती. गावातल्या सायकलवाल्याने काकांना सायकलवर बसवलं, एकदा पाहिलं आणि सीट दीड इंच वर घेतली. एवढंच! सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि भार वाटीवर येतो. टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली असलं की पाय सरळ व्हायला हवा, मग चालवताना चवड्याने चालवलं की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. सांगलीत जमिनीला दोन्ही पाय टेकायची सवय, तीच सीटची उंची काकांनी अडुसष्टाव्या वर्षापर्यंत ठेवली होती. पहिल्या दिवशी दुखतंय म्हणाले असते तर दीड मिनिटाचं काम होतं.

त्या रात्री हॅन्कॉकच्या मोटेलमध्ये मेतकूट-भात खाताना आणखी गंमत झाली. काकांचं बिंग फुटलं म्हटल्यावर एकेकाची कपाटं उघडली. ताईची दोन बोटं तीन दिवस बधिर होती. हँडलवर सगळा भार टाकत होती. दादांचा मागचा ब्रेक चाकाला घासत होता, ते कंबरलँडपासून अर्धवट ब्रेक लावूनच सायकल चालवत होते! वहिनींना स्वतःला पाठीचा त्रास. आणि आमचा धाकटा तंबूत दोन रात्री झोपलाच नव्हता, बाहेर काहीतरी खुसपुसतंय म्हणून बसून होता. आणि सगळे जण ठीक!

मग काका एक गोष्ट बोलले. ती इथे सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. त्यांची आई २०११ साली गेली. दर रविवारी फोन व्हायचा. दर रविवारी आई म्हणायची, मी ठीक आहे, तू जप. आणि काका म्हणायचे, इकडे सगळं ठीक आहे. त्याच वर्षी काकांची नोकरी गेली होती, ते त्यांनी आईला सांगितलं नाही. आईला काय झालंय ते आईने सांगितलं नाही. “दोघांनी एकमेकांना त्रास नको म्हणून जपलं,” काका म्हणाले, “आणि मी पोचलो ते दहाव्याला.”

कुणी काही बोललं नाही. या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी असाच एक रविवारचा फोन असेल किंवा होता. आपण सगळे परदेशात येऊन हे एक वाक्य फार चांगलं शिकलो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नियम केला. रोज संध्याकाळी जेवणाआधी हजेरी. प्रत्येकाने एक तरी तक्रार सांगायचीच. ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याने भांडी घासायची. तक्रार नसेल तर शोधायची! आणि खरोखर सांगतो, पुढचे १२४ मैल आधीच्या मैलांपेक्षा सोपे गेले. ताईने पकड बदलली, दादांचा ब्रेक सुटला, धाकट्याचा तंबू मधोमध आला. काकांचं सामान आम्ही चौघांनी वाटून घेतलं. त्यांनी आधी नको म्हटलं, मग भांडी आठवली आणि दिलं.

हॅन्कॉकहून विल्यम्सपोर्ट २५ मैल, सावकाश. मग ३९ मैलांवर हार्पर्स फेरी, तिथे पोटोमॅक आणि शेनांडोआ या नद्यांचा संगम आहे. पादचारी पुलावरून नदी ओलांडून गावात गेलो, संगमावर हात जोडले. सवयच आहे आपल्याला. नवव्या दिवशी व्हाइट्स फेरी, आणि दहाव्या दिवशी शेवटचे ३५ मैल. ग्रेट फॉल्सला नेहमीची गर्दी होती. पाहुण्यांना घेऊन आलेलं एक ओळखीचं कुटुंब भेटलं. “इकडे कुठे?” त्यांनी विचारलं. “पिट्सबर्गहून येतोय,” आम्ही म्हणालो. त्या क्षणासाठी दहा दिवसांचा चिखल परवडला! जॉर्जटाउनच्या शून्य मैलाच्या खुणेपाशी पाचही सायकली टेकवल्या आणि फोटो काढला. तो फोटो बघून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तेव्हा आम्ही गप्प राहिलो. आज बोलतो.

हिशोब असा. पाच जण गुणिले ३३५, म्हणजे १६७५ मैल. त्यातले काका आणि वहिनींचे पॉ पॉ ते हॅन्कॉक प्रत्येकी ३२ मैल पिकअपमधून झाले. ६४ वजा. उरले १६११. आम्हाला पैसे १६११ मैलांचेच द्या. बोगदा काकांनी दोनदा चालला तो धरा, असा दादांचा आग्रह होता, पण काकांनीच नामंजूर केला.

आधी आम्हाला वाटलं होतं की हे सांगितलं तर सगळ्यावर पाणी पडेल. मग या कालव्याचीच एक गोष्ट वाचली. १९५० च्या दशकात या कालव्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं. वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं, की माझ्याबरोबर सगळे १८४.५ मैल चालून बघा. मार्च १९५४ मध्ये कंबरलँडहून काही डझन लोक निघाले, संपादकही होते. पूर्ण अंतर चालले फक्त नऊ जण! बाकीचे मध्येच थांबले, काही काही टप्प्यांपुरतेच चालले. पण पोस्टचं मत बदललं, मोटाररस्ता झाला नाही आणि १९७१ साली हा कालवा राष्ट्रीय उद्यान झाला. आज आपण तिथे फिरतो ते त्या नऊ जणांमुळे, आणि मध्येच थांबलेल्यांमुळेसुद्धा.

आता ज्या मुलींसाठी हे सगळं केलं, त्यांच्याबद्दल थोडंसं. गावात सातवीपर्यंत शाळा असते, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर. मुलगी चालत दमते, अंधार पडतो, घरचे काळजी करतात आणि एक दिवस शाळा सुटते. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि वाढ मुख्यतः तिथे, जिथे शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती. आम्हाला दहा दिवस गंमत म्हणून जे अंतर कापायचं होतं, ते या मुलींना रोज कापायचं आहे. त्यांनाही दुखत असेल, भीती वाटत असेल, आणि विचारलं तर त्याही ठीक आहे म्हणत असतील. म्हणून सायकली देताना सीटची उंची प्रत्येकीच्या पायाप्रमाणे लावून द्या, एवढी विनंती आम्ही पत्रातून केली आहे. काकांनी हट्टच धरला होता!

जाता जाता, कुणी निघणार असेल तर अनुभवाचे चार बोल. सामान भरून सराव करा. रुंद टायर लावा. पाऊस झाला असेल तर कालव्याकाठी दिवसाला दहा मैल कमी धरा. कुकर घरी ठेवा.

आणि शेवटचं. ते ३२ मैल आमच्या डोक्यावर उधार आहेत. येत्या मे महिन्यात काका आणि वहिनी पॉ पॉ ते हॅन्कॉक सायकलने जाणार आहेत. आम्ही तिघे बरोबर आहोतच. दोन दिवस लागतील, एक मुक्काम. या वेळी मैलाला पैसे नकोत, तुम्हीच या. नावनोंदणीचा कागद जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. त्यावर नावापुढे एक रकाना आहे, ‘काय दुखतं?’ तो रिकामा ठेवायचा नाही.